अवेळी पडणारे ठोके

देवगड

चि. मेघनास अनेक आशीर्वाद.

माझ्या हृदयाचे काही ठोके अवेळी पडतात हे कळून तुझा फोन आला, तेव्हापासून तुझी आई देव पाण्यात घालून बसली आहे. 'आप्पा, मुंबईला या, ॲब्लेशनचा इलाज करून टाकू' यापुढे तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

होल्टरचा, म्हणजे दिवसभराचे ठोके नोंदवणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट आला. चोवीस तास यंत्र कमरेला, तारा सदऱ्याखाली आणि मी बागेत, कारण काढणी काही थांबत नाही. एकूण ठोके लाखभर, त्यातले तीनेक हजार अवेळी. आकडा ऐकून तुझ्या आईने कपाळाला हात लावला, पण हिशेबाने ते शेकडा तीनच. शेकडा दहाच्या वर, त्यातही वीसच्या पुढे गेले आणि तसेच राहिले, तर हृदयाचं पंपिंग उतरण्याची भीती असते. माझा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आहे. थायरॉइड, पोटॅशियमही ठीक.

रात्री डाव्या कुशीवर वळलो की छातीत धप्प होतं, ते का तेही डॉक्टरांना विचारून घेतलं. अवेळी ठोका स्वतः सहसा जाणवत नाही. त्यानंतर हृदय जरा जास्त थांबतं, तेवढ्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकून बसतो.

त्रास वाढला तर ठोके शांत करणारी मेटोप्रोलॉलची लहान गोळी आहे. तिने थकवा येतो, नाडी मंदावते. एवढ्यात नको म्हटलं. त्याहून जहाल औषधांची गोष्ट ऐक. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना फ्लेकेनाइडसारखी अवेळी ठोके दाबणारी औषधं देऊन कास्ट नावाची चाचणी झाली. 1989 मध्ये निकाल बाहेर आला: ठोके छान दबले होते, माणसं मात्र जास्त दगावली होती. तेव्हापासून नुसता आकडा खाली आणायला कुणी शहाणा डॉक्टर ती देत नाही.

राहिलं तुझं ॲब्लेशन. जांघेतल्या शिरेतून तार हृदयात नेऊन ठोका उठतो ती जागा जाळतात. ठोके भरपूर असतील, पंपिंग घसरत असेल किंवा गोळीने भागत नसेल, तर उत्तमच. पण माझे ठोके त्या दिवशी टेबलावर आलेच नाहीत, तर जागा शोधणार कशी? वर रक्तस्रावाचा, क्वचित हृदयाला इजा होण्याचा धोका आहेच.

चहा दोन कपांवर आणलाय. पेट्या भरायची जागरणं गड्यांवर सोपवली. चक्कर येऊन पडलो किंवा धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठीन, मग तू म्हणशील तिथे येईन. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा होल्टर आणि इको. त्या दिवशी डॉक्टरांना तूच फोन लाव आणि काय भांडायचं ते त्यांच्याशी भांड.

तुझे आप्पा