बाई, तुम्ही विचारलंत म्हणून

आदरणीय बाई,
सा. नमस्कार.

२०२१ च्या एप्रिलात, कोरोनाच्या साथीत, बाबा गेले. मला त्यांचं तोंडही बघता आलं नाही. मी तापानं फणफणलेली, घरात कोंडलेली. तेव्हा लोक काय काय बोलले ते अजून सलतं. ‘पॉझिटिव्ह विचार कर.’ ‘सुटले बिचारे.’ ज्यांच्या घरच्या लग्नांत बाबा पहाटेपासून राबले, ते हात जोडलेला इमोजी पाठवून मोकळे झाले. तो राग गेलेला नाही.

तुमचा फोन आला. ‘बोलू नकोस, खोकला येईल. मी वाचते, तू ऐक.’ हिंदी कथाकार फणीश्वरनाथ रेणूंची ‘पहलवान की ढोलक’ ही गोष्ट. हिंदीच्या तासाला वाचायचात तश्शी, ठसक्यात. गावात मलेरिया आणि पटकी, रोज दोन-तीन प्रेतं उठताहेत, आणि लुट्टन पहिलवान रात्रभर ढोलक वाजवतोय. तळमळणारी त्याची दोन्ही पोरं बापाकडे ‘उठा पटक दो’चा ताल मागतात, तिथे तुम्ही थांबलात. ‘पुढं वाचू का गं?’

मला हो म्हणवेना. तुम्ही फोन ठेवला नाहीत, समजूतही घातली नाहीत. पलीकडे तुमचा पंखा कुरकुरत होता. बऱ्याच वेळानं मी ‘वाचा’ म्हणाले, तेव्हाच पुढं गेलात: दोन्ही पोरांना खांद्यावर घालून नदीत सोडून आलेला बाप, आणि त्या रात्री पुन्हा ढोलक.

त्या दिवसांत सगळ्यांनी मला सांगितलं. विचारलंत फक्त तुम्ही.

ढोलकात ताप उतरवायचा गुण नव्हता, हे रेणूच लिहितात. मरणाऱ्यांना मरणाची भीती उरायची नाही, एवढंच. म्हणून ती गोष्ट मला खोटी वाटली नाही. पुढे इंग्रजी लेखक डॅनियल डिफो वाचला. लंडनच्या १६६५ च्या प्लेगात तो पाचेक वर्षांचा पोर, आणि त्या प्लेगावरचं त्याचं पुस्तक आलं १७२२ मध्ये. इतकी वर्षं मुरतं हे! आणि आमच्याकडे तेराव्याच्या आत ‘आता सावर’. गावाकडे १९१८ च्या मानमोडीचं, म्हणजे त्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचं, नाव काढलं की म्हातारी माणसं विषय बदलायची. त्यांनाही ‘सांगा’ म्हणणारं कुणी भेटलं नसणार.

तुमच्यासारखी माणसं तेव्हा गल्लोगल्ली होती. कुणी डबे पोचवले, कुणी अनोळखी माणसाला अग्नी दिला. त्यांची नावं कुठे छापून आली नाहीत.

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयात साथीच्या गोष्टींचं वाचन ठेवतेय. डिफो मी वाचीन. ‘ढोलक’ मात्र तुम्हीच वाचायची. रिक्षा घेऊन न्यायला येते.

तुमची विद्यार्थिनी