‘पारा ४७ वर’, पण कुठला पारा?

महोदय,

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकात चौकातल्या डिजिटल फलकाचा फोटो झळकतो: ‘पारा ४७ वर!’ त्याच दिवशी वेधशाळेचा आकडा बराच खाली असतो. मग कट्ट्यावर चर्चा सुरू, की हवामान खातं आकडे दडवतं.

तापमापी कुठे टांगलाय ते कळल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही, हे लोकांना साडेतीनशे वर्षांपूर्वीच उमगलं होतं. १६५४ साली इटलीतल्या टस्कनीचा (राजधानी फ्लॉरेन्स) ग्रँड ड्यूक फर्डिनांड दुसरा याने एकाच घडणीचे, तोंड बंद केलेले स्पिरिटचे तापमापी पिसा, बोलोन्यापासून थेट पॅरिस, वॉर्सापर्यंत धाडले. सर्वमान्य अंश तेव्हा नव्हतेच, त्यामुळे उपकरणंच सारखी हवीत. प्रत्येक ठिकाणी एक तापमापी उत्तरेकडे, एक दक्षिणेकडे. पुढे हे नोंदींचं काम बंद पडलं, वह्या राहिल्या, पण त्यातल्या आकड्यांचा अर्थ लागेना. १८२९मध्ये फ्लॉरेन्सलाच तसले जुने तापमापी सापडले. ते नव्या तापमापीशी ताडून पाहिले, तेव्हा कुठे त्या नोंदी वाचता आल्या!

(सेल्सिअसची १७४२ची मूळ पट्टी उलटी होती, उकळतं पाणी ०, बर्फ १००. ती टिकली असती तर आपल्याला ‘पारा घसरून ५३ वर’ असं छापावं लागलं असतं.)

दीपगृहं बांधणारे स्कॉटिश अभियंते थॉमस स्टीव्हनसन यांनी १८६०च्या दशकात तापमापीसाठी दुहेरी झडपांची पांढरी लाकडी पेटी केली. आत वारा खेळतो, ऊन आणि जमिनीची धग शिरत नाही. वेधशाळेत ती साधारण चार फूट उंचीवर असते आणि आपल्याकडे तिचं दार उत्तरेला उघडतं. तिच्यातला पारा हवेचं तापमान सांगतो. चौकातला फलक मात्र डांबर, काँक्रीट आणि स्वतःचा तापलेला पत्रा यांचंही सांगतो. उन्हात उभ्या माणसाला ती धग सोसावी लागते, हे खरंच. पण आजवरच्या नोंदींशी तुलना करायची तर आकडा पेटीतलाच हवा. ‘शंभर वर्षांतला उच्चांक’ फलकावरून ठरवायचा कसा?

तेव्हा विनंती एवढीच, आकड्यापुढे कंसात ‘वेधशाळा’ किंवा ‘रस्त्यावरचा फलक’ असं छापत जा. आणि रात्रीचं किमान तापमानही द्या. उकाड्याने झोप उडते ती त्याच्यामुळे.

— एक वाचक, अकोला