स्वाहिलीचा अर्थ मराठीत द्या

मा. संपादक,

धाकटा टांझानियात दार-ए-सलामला नोकरीला गेला, तसा मीही तिथली स्वाहिली भाषा शिकायला बसलो. पुस्तक मिळालं ते इंग्रजी अर्थांचं. 'दुका' म्हणजे 'शॉप', 'गारी' म्हणजे 'कार'. अहो, दुकान आणि गाडी म्हणा की सरळ! 'हेसाबू', 'वाकिली', 'साबुनी' तर आमच्या पेठेतलेच वाटतात. साखर तिकडे 'सुकारी'. 'दुका ला दावा लिको वापी?' म्हणजे औषधाचं दुकान कुठंय. हे आमच्या हिलाही निम्मं कळलं. गोची घड्याळाची. तिथं 'सा मोजा', म्हणजे एक वाजला, तेव्हा आपल्या मोजणीनं सकाळचे सात असतात. पोरगा पहिल्याच भेटीला दुपारी एकला पोचला! रविवारी असे चार शब्द मराठी अर्थासह छापाल का?

– एक निवृत्त जॉबर, साखर पेठ, सोलापूर