निखिलसाठी मागितलेलं पत्र

सातारा

चि. राजूस,
अनेक आशीर्वाद.

निखिलच्या ब्रिटनच्या व्हिसासाठी, तुम्हा दोघांच्या नात्याबद्दल तू मागितलेलं पत्र अजून लिहून झालेलं नाही. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसते आहे. 'मी या दोघांना 2016 पासून ओळखते' इथवर येते आणि पुढचं वाक्य सुचत नाही. म्हणून आधी हे तुला लिहिते.

गेल्या रविवारी निखिल आला होता. लॅपटॉपवरून त्याने तिकडचे सगळे नियम वाचून दाखवले, मी वहीत उतरवून घेतले. अविवाहित जोडीदार म्हणून अर्ज करायचा, तर त्या दिवशी किमान 2 वर्षांचं लग्नासारखं नातं असायला हवं. पूर्वी एका छपराखाली राहिल्याचा पुरावा लागायचा, 31 जानेवारी 2024 पासून ती अट गेली. आता एकत्र राहत नसाल तर त्याचं कारण सांगायचं: नोकरी, शिक्षण, किंवा तुमच्याकडे ते मान्य नाही म्हणून. आणि तरीही नातं चालू आहे हे दाखवायचं. बोलणं-चालणं, एकमेकांना पैशाची मदत, एकत्र केलेले प्रवास, समारंभ. 'तुमच्या संस्कृतीत मान्य नसेल तर' ही ओळ त्याने भराभर वाचली आणि पुढे सरकला. माझ्यासमोर त्याला ती मोठ्याने वाचवली नाही, एवढं मला कळलं.

एकतीस वर्षं तहसील कचेरीत काढली मी. समोरच्या माणसाचं खरं असतं, पण कागद नसतो, अशी माणसं रोज पाहिली. 'आणा कागद, मग बोलू' असं मीही शेकडो वेळा म्हटलंय. तुमच्या फायलीत आज जे कागद कमी पडताहेत, ते मीच होऊ दिले नाहीत.

कोथरूडच्या घराचा भाडेकरार आठवतो? 2017 चा. एजंटने दोघांचे आधार कार्ड मागितले होते. मी पुण्यात होते, मीच म्हटलं, करार राजूच्या एकट्याच्या नावावर करा. दोन मुलं मिळून भाड्याने राहतात, त्यात कुणाला काही वाटलं नसतं. मलाच तुमची दोघांची नावं एका कागदावर सोसवली नाहीत. दोन वर्षं निखिल अर्धं भाडं रोख तुझ्या हातात देत राहिला. त्याची पावती कुठून येणार?

फोटोंचंही तेच. कपाटातला जुना डबा काढला. कराडला ताईच्या लग्नातले, काकांच्या साठीचे, सज्जनगडचे. एकातही निखिल नाही. दर वेळी मीच म्हणायची, "निखिल, तू काढ रे फोटो, तुझा हात स्थिर आहे." सज्जनगडचा एक फोटो बराच वेळ हातात धरून बसले. सकाळचं ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून आलंय. पायऱ्यांवर आपण चौघं, आणि खालच्या पायरीवर फोन धरलेल्या माणसाची सावली माझ्या पायांपर्यंत आलेली. तो फोटो स्कॅन करून पाठवते आहे. उपयोग होईल की नाही ते तुमचा वकील ठरवेल. तारीख मागे लिहिली आहे.

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तूच येऊ शकला नाहीस. निखिल दोन रात्री माझ्याजवळ होता. फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. त्याने पेन धरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, 'शेजारी' लिही. त्याने लिहिलं, खाली सही केली, आणि मला चहा आणायला गेला. हे मी आजवर तुला सांगितलं नव्हतं.

मध्यंतरी मी तुला विचारलं होतं, सरळ लग्न करून का नेत नाहीस. तेव्हा माझा अभ्यास कमी होता. इथे 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने ती वाट बंद ठेवली. तिकडे लग्नासाठी म्हणून गेला तर व्हिसा सहाच महिन्यांचा, त्या काळात नोकरी करता येत नाही, आणि पुन्हा अर्ज, पुन्हा फी. अविवाहित जोडीदाराचा हा रस्ता मुळात ज्यांना कायद्याने लग्नच करता येत नव्हतं अशा जोड्यांसाठी 1997 च्या ऑक्टोबरमध्ये उघडला, असं निखिलने सांगितलं. तेव्हा 4 वर्षं एकत्र राहिल्याचं दाखवावं लागे, दोनच वर्षांत ते 2 वर आलं. तू तेव्हा पहिलीत होतास. कुणीतरी भांडून ठेवलंय ते तुमच्यासाठी, राजू.

पैशाचं मी पाहिलं. वर्षाला 29,000 पौंडांची अट तुझ्या पगारात बसते. पण अर्ज जाईपर्यंत नोकरी बदलू नकोस, सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा एकाच ठिकाणच्या असल्या की तपासणारा अडखळत नाही. बँकेतली रक्कम स्लिपेशी जुळली पाहिजे, एकेक महिना लावून बघ. आरोग्याचा अधिभार वर्षाला 1,035 पौंड, 33 महिन्यांची तीन वर्षं धरून 3,105 होतात, फी वेगळी. माझी एक एफडी मार्चमध्ये मोकळी होते आहे. नाही म्हणू नकोस.

व्हॉट्सॲपचे हजार कागद छापू नका. दर महिन्यातलं एखादं पान घ्या, ज्यावर तारीख दिसते आणि रोजचं काही बोलणं आहे. माझ्या गुडघ्यांबद्दलचं असलं तरी चालेल. तो तिकडे दोनदा येऊन गेला त्याचे पासपोर्टवरचे शिक्के, तू त्याच्या आजारपणात पाठवलेले पैसे, हे वर ठेवा. तुझ्या इथल्या खात्याला नॉमिनी म्हणून माझं नाव आहे, ते काढून निखिलचं लाव. त्याला कसली आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्येच जाहीर केलंय. तेव्हाच करायला हवं होतं. टीबीची तपासणी त्याने फार आधी करू नये, दाखला सहा महिनेच चालतो.

पत्र मी मराठीतच लिहिणार आहे. इंग्रजी किंवा वेल्श नसेल तर भाषांतर लागतं, भाषांतर करणाऱ्याच्या सहीसकट. करून घेऊ. माझ्या इंग्रजीत ते सरकारी होईल. भाडेकरारात नाव का नाही, फोटोत तो का नाही, हॉस्पिटलच्या कागदावर 'शेजारी' का आहे, हे तिन्ही मी त्यात माझ्या नावाने लिहिणार आहे. तुला चालेल ना? वकिलाला विचार. तो नको म्हणाला तर मला फोन कर, मी त्याच्याशी बोलते.

मामांना मी काल सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, तिकडे त्याला थंडी सोसेल का?

रविवारी निखिल पुन्हा येतोय. वरच्या मजल्यावरच्या मुलीला फोटो काढायला बोलावलंय.

तुझी,
आई