बेस रिपीट होतो, म्हणून संगीतकार आळशी?

संपादक महोदय,

हल्लीच्या हिट गाण्यांतला बेस (चालीच्या खाली वाजणारे खर्जातले सूर) म्हणजे चार सुरांचं कॉपी-पेस्ट, अशी टीका करणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. निरीक्षण शंभर टक्के बरोबर, पण त्यावरून संगीतकारांना आळशी ठरवणं काही पटलं नाही.

एक तर हे हल्लीचं नाहीच. जर्मन संगीतकार पाखेलबेलची तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीची 'कॅनन' ही प्रसिद्ध रचना घ्या, त्यात खालचे तेच आठ सूर तब्बल २८ वेळा येतात आणि वर तीन व्हायोलिन मनसोक्त बागडतात. यूटू या रॉक बँडच्या १९८७ च्या 'विथ ऑर विदाउट यू' या गाण्यामध्ये बेस गिटार जवळपास अख्खं गाणं चारच सुरांवर चालतं, एकेक सूर आठ वेळा, बस्स. पण नीट ऐकलंत तर कळेल की बेस हलत नाही म्हणूनच गायकाचा आवाज कुजबुजीपासून थेट ओरडण्यापर्यंत कसा चढत जातो ते जाणवतं, बेसनेही तिथे करामती केल्या असत्या तर लक्ष कुठे द्यायचं तेच समजलं नसतं! शिवाय बेसला ड्रमच्या ठोक्यालाही धरून राहावं लागतं, ठेका सुटला की नाचणारे पाय अडखळतात.

कंटाळवाणी गाणी असतातच, नाही कोण म्हणतं. पण त्यांचा दोष बहुतेक वेळा वरच्या चालीत असतो, खापर मात्र बिचाऱ्या बेसवर. आणि हो, मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर धड ऐकूच येत नाहीत, तेव्हा लेखकाने हीच गाणी एकदा चांगल्या हेडफोनवर ऐकावीत.

– एक वाचक