बालविभागाच्या कपाटातील तात्पर्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात मी दर रविवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. परवा चौथीतल्या एका मुलीने पुस्तक उघडण्याआधीच विचारले, "आजोबा, तात्पर्य पण वाचायचं का?" कपाट धुंडाळले तेव्हा तिचे म्हणणे पटले, निम्म्याहून अधिक पुस्तकांत गोष्ट दीड पानाची आणि खाली चौकटीत उपदेश.

एडिंबरोच्या लेखिका कॅथरिन सिंक्लेअर (१८००–१८६४) यांची तक्रार नेमकी हीच होती. स्कॉटलंडची गावोगावची माहिती २१ खंडांत संकलित करणाऱ्या सर जॉन सिंक्लेअर यांच्या या कन्येने वयाच्या चौदाव्या वर्षापासून वडिलांचे निधन होईपर्यंत, म्हणजे १८३५ पर्यंत, त्यांचे लेखनिक म्हणून काम केले. त्यानंतर १८३९ मध्ये कॅथरिन यांचे 'हॉलिडे हाउस' हे मुलांसाठीचे पुस्तक आले. मुलांची पुस्तके तेव्हा माहितीने आणि नीतिपाठांनी ठासून भरलेली असत. या पुस्तकातली लॉरा मात्र कात्रीने स्वतःचे केस कापून टाकते आणि त्याच दिवशी तिचा भाऊ हॅरी मेणबत्तीशी खेळता खेळता घराला आग लावतो. मुलांना सांभाळणाऱ्या करड्या मिसेस क्रॅबट्री आरडाओरडा करतात. आजी आणि डेव्हिडकाका मात्र मुलांना समजून घेतात. पुस्तकाचा शेवट थोरल्या भावाच्या मृत्यूने होतो आणि तिथे लेखिकेलाही उपदेश आवरत नाही, हे मान्य करायला हवे.

डेव्हिडकाका मुलांना एका राक्षसाची गोष्ट सांगतात. तो इतका उंच, की स्वतःचे केस विंचरायला त्याला शिडीवर चढावे लागते. आळशी मुलाला अद्दल घडवणारी ही गोष्ट तशी बोधाचीच, पण मी ती सांगितली तेव्हा बोधाकडे कुणाचे लक्षच गेले नाही. "शिडी धरली कुणी?" यावरून मुलांत अर्धा तास वाद रंगला आणि तात्पर्य विचारणारी ती मुलगी त्यात सर्वांत पुढे होती.

याच सिंक्लेअरबाईंनी एडिंबरोत गरिबांसाठी स्वस्त अन्नाची स्वयंपाकघरे काढली, रस्त्याच्या कडेला बाके बसवली आणि पिण्याच्या पाण्याची सोय केली, हेही सांगितले पाहिजे.

सीमाभागातील वाचनालयांची पुस्तक खरेदी बहुधा दिवाळीच्या सुमारास होते. मराठी टिकावी म्हणून आपण मुलांच्या हाती पुस्तके देतो आणि नेमकी तीच पुस्तके त्यांना कंटाळवाणी वाटतात. तेव्हा खरेदी समित्यांनी यंदा यादी करण्यापूर्वी बालविभागातील मुलांना एकदा विचारावे आणि निदान एक खण तरी चौकट नसलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव