गाळलेलं चालेल, पदरचं नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत आत्मचरित्रांवर लेख आला आणि नंतर त्यावर वाचकांची पत्रं छापून आली, ती सगळी वाचली. एखाददुसरं सोडलं तर सगळ्यांचा सूर एकच, की आत्मचरित्र म्हणजे स्वतःच स्वतःची आरती ओवाळायची, त्यात खरं काय असणार, त्यापेक्षा सरळ इतिहासाचं पुस्तक वाचा. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं तर मधून कापा पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

आधी इतिहासाचंच घ्या. अकबर १६०५ मध्ये वारला हे कुठल्याही शाळेच्या पुस्तकात मिळेल. पण बनारसीदास नावाच्या जैन व्यापाऱ्याने १६४१ मध्ये पद्यात स्वतःची गोष्ट लिहिली, 'अर्धकथानक', भारतीय भाषांमधलं पहिलं आत्मचरित्र म्हणून बरेच जण त्याचंच नाव घेतात, त्यात ही बातमी जौनपूरला पोचली तेव्हा काय झालं ते आहे. दुकानं धडाधड बंद, लोकांनी दागदागिने जमिनीत पुरले, चांगले कपडे लपवून जाडेभरडे अंगावर चढवले म्हणजे पैसेवाला कोण ते ओळखू येऊ नये, दहा दिवस अख्खं शहर जीव मुठीत धरून बसलं आणि मग पत्र आलं की नवा बादशहा गादीवर बसलाय, सगळं ठीक आहे. आणि हा पठ्ठ्या स्वतः तेव्हा जिन्यात बसला होता, बातमी कानावर आली, घेरी आली आणि गडगडत खाली, डोक्याला खोक. राजा मेल्यावर साध्या माणसाच्या पोटात कसा गोळा येतो हे सनावळीतून कळेल का? बरं, पुढे हाच माणूस सांगतो की नऊ मुलं झाली आणि नऊही गेली, धंद्यात आपटलो, तरुणपणी नको ते नाद केले. आता यात आरती कुठे आहे ते मला कोणीतरी दाखवावं.

तरी एक मुद्दा त्या पत्रलेखकांचा मान्य. माणसाच्या आठवणीवर फार विसंबून राहता येत नाही. १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेत एका प्राध्यापकाने विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणी सांगितली वगैरे. अडीचेक वर्षांनी त्यांनाच परत विचारलं तर कित्येकांनी भलतंच सांगितलं, तेही छातीठोकपणे, आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी काहींना आत्ताची आठवणच खरी वाटत राहिली. म्हणजे लेखक लबाडी करत नसला तरी चुकू शकतो. पन्नास वर्षांपूर्वीचे संवाद जसेच्या तसे अवतरणचिन्हात दिलेले दिसले की मी तर सरळ अंदाजाने घेतो, पण तेवढ्यावरून पुस्तक खोटं म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आत्मचरित्राचा खरेपणा तपासताना आपण चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. आपण बघतो काय, तर लेखकाने काय लपवलं. अमुक प्रकरण गाळलं, तमुक माणसाचं नावच नाही, म्हणजे पुस्तक अप्रामाणिक. अहो, गाळणं हा लिहिणाऱ्याचा हक्क आहे. पदरचं घालणं हा मात्र हक्क नाही. दोन्हीला एकाच मापाने मोजायचं बंद करायला हवं.

बेबी कांबळेंचं उदाहरण देतो. फलटणला छोटंसं दुकान चालवायच्या, माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या, कैक वर्षं ते लिखाण दडवून ठेवलं होतं. १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून आलं. त्यात महार समाजाचं जगणं आहे, बायकांचे हाल आहेत, सासुरवास आहे, पण स्वतःला नवऱ्याचा मार खावा लागला हे त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं, पुस्तकात नाही. आता कोणी म्हणेल का की त्यांनी वाचकांना फसवलं? त्यांना समाजाची गोष्ट सांगायची होती आणि ती त्यांनी पूर्ण सांगितली. काय आपल्यापाशी ठेवायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं, आपण कोण विचारणारे.

नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीची, अ‍ॅन फ्रँकची डायरी घ्या. बऱ्याच लोकांना वाटतं की ती पोरगी रोज रात्री जे लिहायची ते जसंच्या तसं छापलंय. तसं नाहीये. मार्च १९४४ मध्ये लंडनहून रेडिओवर डच मंत्र्याचं भाषण झालं की युद्ध संपल्यावर लोकांच्या डायऱ्या गोळा करणार आहोत, ते ऐकून तिनेच जुनी पानं परत लिहायला घेतली, पुस्तक होईल या हिशोबाने. पुढे १९४७ मध्ये वडिलांनी डायरी छापली तेव्हा तिने आईबद्दल लिहिलेलं काही, स्वतःच्या शरीराबद्दल लिहिलेलं काही असं गाळून टाकलं. नंतर ती डायरीच बनावट आहे म्हणून ओरडा करणारे निघाले, तेव्हा नेदरलँड्सच्या सरकारी संस्थेने हस्ताक्षर, कागद, शाई सगळं तपासून घेतलं आणि १९८६ मध्ये तिचा पहिला खर्डा, तिनेच सुधारलेला खर्डा आणि वडिलांनी छापलेली प्रत असं तिन्ही शेजारी शेजारी छापून टाकलं. गाळलेलं होतं ते असं परत जागेवर ठेवता आलं. घुसडलेलं असतं तर काय ठेवणार होते?

आणि घुसडणाऱ्यांनी केवढं नुकसान केलंय बघा. मिशा डेफोन्सेका नावाच्या बाईंनी १९९७ मध्ये पुस्तक काढलं की मी ज्यू मुलगी, नाझींच्या काळात आईबापांना शोधत युरोपभर पायी फिरले, लांडग्यांनी मला सांभाळलं. लोक रडले, भाषांतरं झाली, सिनेमा निघाला, आणि २००८ मध्ये कबुली की हे काही घडलंच नव्हतं, बाई ज्यूसुद्धा नव्हत्या. यात पुस्तकाचे पैसे गेले ते सोडून द्या, पण छळछावण्या झाल्याच नाहीत म्हणणाऱ्या लोकांच्या हातात आयतं कोलीत मिळालं. ज्यांनी खरोखर भोगलं होतं त्यांच्याकडेही संशयाने बघायची सोय झाली.

जेम्स फ्रे या अमेरिकन लेखकाचं प्रकरण तर विनोदीच आहे. व्यसनातून बाहेर पडल्याचं त्याचं पुस्तक २००३ मध्ये आलं, २००५ मध्ये ओप्रा विन्फ्री या तिकडच्या प्रसिद्ध बाईंनी आपल्या टीव्ही कार्यक्रमात उचलून धरलं, मग काय विचारता. २००६ च्या जानेवारीत एका वेबसाइटने पोलिसांचे कागद काढले तर जिथे हा सत्त्याऐंशी दिवस तुरुंग सांगत होता तिथे काही तास नुसता पोलीस ठाण्यात बसला होता. शेवटी प्रकाशकाला वाचकांचे पैसे परत द्यावे लागले आणि पुरावा म्हणून हार्डबाउंड पुस्तकाचं पान नंबर १६३ फाडून पाठवायचं होतं! हेच पुस्तक आधी कादंबरी म्हणून प्रकाशकांकडे फिरवलं होतं म्हणे. कादंबरी म्हणूनच छापलं असतं तर कोणी हूं की चूं केलं नसतं. पण कादंबरीला तेवढं गिऱ्हाईक नाही, 'सत्यकथा' लिहिलं की खपतं, खरी गोम इथे आहे.

आता कोणी म्हणेल की गाळायचा हक्क दिला तर मोठी माणसं सगळंच गाळतील आणि नुसती स्वच्छ इस्त्रीची पुस्तकं येतील. येतातच की. खेळाडू, नट, उद्योगपती, रिटायर झालेले साहेब, दर वर्षी ढिगाने येतात, लहानपणची गरिबी चाळीस पानं आणि पुढचं सगळं यश, मध्ये पैसा कुठून आला, कोणाचा हात सुटला याचा पत्ता नाही. पण मी त्यांना खोटी म्हणणार नाही, कंटाळवाणी म्हणेन. आणि ओळखता येतं हो वाचकाला, लेखक इतका वेळ नावगाव तारखेसकट सांगत असतो आणि एका प्रकरणात एकदम 'काही मतभेद झाले', 'परिस्थिती बदलली' असं गुळमुळीत सुरू होतं, समजायचं की इथे चादर टाकलीय.

या उलट 'स्मृतिचित्रे' काढा. लक्ष्मीबाई टिळकांचे वडील सोवळ्यापायी इतके पछाडलेले की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. मीठ! आणि बाई हे रडत सांगत नाहीत, हसत सांगतात, पण घरातल्या बायकांचं त्यात काय होत असेल ते तुम्हाला न सांगता कळतं. बरं, स्वतःच्या डोक्यातला विटाळ किती चिवट होता तेही लपवत नाहीत. एवढा बारीक तपशील मनाने रचणं कठीण आहे, माझा भरवसा तिथे बसतो.

शब्दांकन, म्हणजे एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, हा आणखी एक विषय. अभिनेत्री हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' त्यांनी अरुण साधूंना सांगितलं हे जगजाहीर आहे, आणि त्यामुळे पुस्तकाचं तेज काही कमी झालं नाही. मग आजच्या मंडळींना शब्दांकन करणाऱ्याचं नाव आतल्या पानावर बारीक टायपात टाकायला कसली लाज वाटते? काही ठिकाणी तर तेही नसतं, नुसते आभार. सिनेमावाल्यांबद्दल बोलत नाही, सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित' आणि पुढच्याच पाटीवर 'सर्व पात्रे काल्पनिक', त्यांचं त्यांना लखलाभ.

मागणी अशी आहे. आपल्याकडे आत्मचरित्रांची परीक्षणं येतात त्यात पुस्तक 'प्रांजळ' आहे, 'प्रेरणादायी' आहे हे शब्द जरा कमी करा आणि परीक्षण करणाऱ्याला तीन गोष्टी सांगायला लावा. लिहिलंय कोणी, म्हणजे प्रत्यक्ष हात कोणाचा. माणसांची नावं किंवा प्रसंग बदलले असतील तर तसं पुस्तकात कबूल केलंय का. आणि ज्या माणसाबद्दल वाईट लिहिलंय तो हयात असेल तर त्याचं म्हणणं कुठे आलंय का, सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा त्यांचे पती पु.ल. हयात होते, आणि त्यावर केवढी चर्चा झाली. प्रकाशकांना जमलं तर शेवटी नावांची सूचीही द्यायला सांगा, पाचशे पानांच्या पुस्तकात एक माणूस परत शोधायचा म्हणजे अख्खी संध्याकाळ जाते.

आपला,
एक नियमित वाचक